आडात माल नाही, पोहऱ्यात शब्द कोठून?

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे दोन याद्या ठरल्याप्रमाणे निघतात. घरात सामानाची यादी निघते आणि मासिकांतून मराठीच्या अधःपाताची. पहिल्या यादीत रवा, बेसन, पिठीसाखर, पणत्या आणि उटणे. दुसरीत शॉपिंग, ऑफर, डिस्काउंट, गिफ्ट आणि पॅकेट. ही दुसरी यादी करणारे सद्‌गृहस्थ पहिल्या यादीतले जिन्नस घरी आणण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. पडले असते तर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असती. चकली, करंजी, कडबोळे, अनारसा, चिरोटा यांपैकी एकाही पदार्थाला आजवर इंग्रजी नाव चिकटलेले नाही. चकलीचा सोऱ्या अजून सोऱ्याच आहे आणि तळणीतला झारा झाराच आहे. स्वयंपाकघराने कोणताही कोश छापला नाही, ठराव केला नाही, परिसंवाद भरवला नाही. त्याने फक्त फराळ करणे चालू ठेवले. उलट शेजारच्या खोलीत पोरे ज्याला 'फ्लॉवरपॉट' म्हणतात ते शोभेच्या दारूचे झाड शिवकाशीहून खोक्यात बसून आले आणि येताना खोक्यावर आपले नाव घेऊन आले.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी जरा मोठ्या आवाजात सांगणार आहे. शब्द मालाच्या पाठीवर बसून प्रवास करतो. ज्याच्या हातून माल घडतो त्याचा शब्द जगभर चालतो, आणि जो माल घडवण्याचे सोडतो त्याने कितीही कोश छापले तरी त्याच्या तोंडी दुसऱ्याचा शब्द येतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

मी रत्नागिरीचा. आमच्या जिल्ह्याला मालाच्या व्यापाराचा इतिहास आहे आणि शब्दांच्या लढाईचाही. म्हणून साक्षीपुरावे बहुतेक घरचेच देतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेस राजापूर आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर तेथे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने वखार घातली. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या, आणि 1661 साली शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून रेव्हिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांना कैदेत टाकले, हे शाळेतली पोरेही जाणतात. परंतु इंग्रज आपल्या कागदपत्रांत त्या वखारीला काय म्हणत, याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते तिला 'फॅक्टरी' म्हणत. त्या फॅक्टरीत यंत्र नव्हते, भट्टी नव्हती, तेथे सुतळीचा तोडाही तयार होत नसे. फॅक्टर म्हणजे अडत्या, गुमास्ता. तो जेथे बसून आपल्याकडचा माल खरेदी करी, ती फॅक्टरी. कंपनीच्या नोकरीत कारकून 'रायटर' म्हणून लागे आणि बढती मिळाली की 'फॅक्टर' होई. पुढे इंग्लंड स्वतः माल घडवू लागले आणि त्याच शब्दाच्या पोटात धुराडे उभे राहिले. 'मॅन्युफॅक्चर' या शब्दाचेही तसेच झाले. मुळात त्याचा अर्थ हाताने केलेले काम. आज तो शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. आपल्याकडेही पूर्वी नुसते 'माग' म्हटले की भागत असे. यंत्रमाग आल्यावर बिचाऱ्याला आपल्या नावामागे 'हात' लावून घ्यावा लागला. कारखाना हाही शब्द असाच फिरला. शिवकालात अठरा कारखाने होते. त्यांत तोफखाना होता, नगारखाना होता, शरबतखानाही होता. तो राज्याच्या कोठ्यांचा आणि खात्यांचा शब्द होता. आज तो साखरेचा आणि लोखंडाचा झाला आहे. काम बदलले की शब्दाचा अर्थ निमूटपणे त्याच्या मागून चालू लागतो.

आता त्या काळच्या इंग्रजांचे तोंड उघडून पाहा. व्यापाराची गोष्ट निघाली की त्यात आपलेच शब्द खच्चून भरलेले दिसतील. कालिकतचे कापड म्हणून 'कॅलिको'. ज्या चिटाची पोलकी आपल्या आज्यांनी शिवली, त्या चिटाचे 'चिंट्‌झ'. मुंबईच्या डोंगरी भागाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या जाड्याभरड्या कापडाचे 'डंगरी'. गोणीचे 'गनी', मणाचे 'मॉन्ड', खंडीची 'कँडी', बांधणीचा 'बंडाना', पलंगपोसाचा 'पलंपोर'. आंग्र्यांच्या गुराबांनी इंग्रजांची जहाजे अडवली तेव्हा इंग्रज कप्तानांनी त्यांना 'ग्रॅब' असे लिहिले, कारण तसली नाव त्यांच्याकडे नव्हती आणि म्हणून तिला नावही नव्हते. 1886 साली यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश काढला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या असल्या शब्दांनीच तो भरला आहे, आणि 'पीस-गुड्स' म्हणजे आपल्या भाषेत ठाणाचा माल, या एका नोंदीखाली कापडांच्या नावांची अशी रांग लागली आहे की वाचणाऱ्याला धाप लागावी.

त्या काळी लंडनच्या भाषापंडितांनी 'इंग्रजी बुडाली' म्हणून दिवाळी अंक काढले नाहीत. इंग्लंडचे विणकर मात्र खवळले, आणि त्यांचे खवळणे मुद्द्याला धरून होते. हिंदुस्थानच्या रंगीत छापील कापडाच्या आयातीवर 1700 साली पार्लमेंटने कायद्याने बंदी घातली. तेवढ्याने भागेना, तेव्हा 1721 साली असले कापड अंगावर घालण्यावर आणि घरात वापरण्यावरही बंदी आणली. मग त्यांनी ते कापड स्वतः विणायला आणि छापायला शिकून घेतले, आणि कायदा 1774 साली मोडीत काढला. या साऱ्या उपद्व्यापात 'कॅलिको' या शब्दाला कोणी बोट लावले नाही. तो आजही इंग्रजीत सुखाने नांदतो आहे. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्यांनी शब्द ठेवून घेतला आणि माल हाकलला. आम्ही माल ठेवून घेतो आणि शब्द हाकलायला निघतो. दोघांपैकी व्यवहार कोणाला कळला, हे सांगायला पंचांग नको.

पुढे पारडे फिरले. मँचेस्टरचे कापड गाठोड्यांनी उतरू लागले आणि उत्तर हिंदुस्थानात 'लाँगक्लॉथ'चा 'लंकलाट' झाला. तेवढ्यात आपल्याकडेही यंत्र आले. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा उद्योग आरंभला आणि 1856 साली गिरणी चालू झाली. त्या गिरण्यांत जी माणसे लोटली त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे मोठ्या संख्येने होती. आमच्याकडची गावेच्या गावे परळ-लालबागच्या मनिऑर्डरीवर जगली. या माणसांनी इंग्रजी शब्दांचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात 'थ्रॉसल' हे एका गाणाऱ्या पाखराचे नाव. सूत कातणाऱ्या एका यंत्राची गुणगुण त्या पाखरासारखी वाटली म्हणून तिथल्या लोकांनी यंत्राला ते नाव दिले. आमच्या संगमेश्वर-लांज्याच्या गड्यांनी त्याचे 'त्रासन' केले. पाखराची गुणगुण गेली आणि उभ्या पाळीचा त्रास तेवढा नावात शिल्लक राहिला; याहून प्रामाणिक भाषांतर कोणत्या पंडिताला साधले असते? मागाला त्यांनी 'साचा' म्हटले आणि मागावरच्या माणसाला 'साचेवाला'. धोटा आपला होता तो आपलाच ठेवला. बॉबीन आणि जॉबर परके होते, ते घरात घेऊन पाटावर बसवले. यंत्र परके असले तरी चालवणारा हात आपला होता, म्हणून शब्दांवर हुकमत आपली होती.

मग 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्याचे पुढे काय झाले आणि गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, ते साऱ्यांना ठाऊक आहे. त्या मोडतोडीत माणसांबरोबर एक बोलीही देशोधडीला लागली. आज त्या कामगारांच्या नातवंडांना 'त्रासन खाते' म्हणजे काय असे विचारून पाहा. ती तोंडाकडे पाहत राहतील. हा शब्द कोणत्या इंग्रजी शाळेने मारला? कोणत्या जाहिरातीने मारला? धुराडे थंडावले आणि त्याच्या सावलीत वाढलेला शब्द निराधार झाला. मराठीच्या अधःपाताच्या कोणत्याही यादीत मला 'त्रासन' आढळत नाही. यादी करणाऱ्यांच्या लेखी तो मुळी मराठी शब्दच नव्हता. माझ्या लेखी तो महाराष्ट्राने घाम गाळून कमावलेला शब्द होता.

येथे कोणी म्हणेल, शब्द घडवूनही रुजवता येतात, आणि त्याचा दाखला तुमच्या रत्नागिरीतच आहे. आहे, तो मी टाळणार नाही. 1924 ते 1937 स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी येथूनच जोमाने चालवली. दिनांक, महापौर, हुतात्मा, दिग्दर्शक, चित्रपट असे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द आज आपण सहज वापरतो. शुद्धीची हौस म्हणून त्यांना हसणाऱ्यांत मी नाही. पण यांतले कोणते शब्द रुजले ते नीट पाहा. महापौर रुजला, कारण नगरपालिका आपली होती आणि तिचे कागद आपण लिहीत होतो. दिनांक रुजला, कारण पत्राचा मायना आपला होता. दिग्दर्शक रुजला, कारण 1913 साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला होता, 1929 साली कोल्हापुरात प्रभात कंपनी उभी राहिली होती आणि मराठी माणसे स्वतः बोलपट घडवीत होती. जेथे काम आपले, तेथे घडवलेला शब्दही टिकला. जेथे काम परक्याचे, तेथे उत्तम शब्दही उपाशी मेला. चळवळीच्या यशाचे रहस्य हेच, आणि तिच्या अपयशाचेही हेच.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर तोही घ्या. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात दहा वर्ग आहेत आणि शेवटचा आहे पण्यवर्ग, म्हणजे बाजारातल्या मालाचा. दरबारात अमात्य आणि सचिव चालले, कारण दरबार महाराजांचा होता. बाजाराने मात्र पण्यवर्गाला लांबूनच नमस्कार केला. तेथे तराजू ज्याच्या हाती, शब्द त्याचा. एवढेच काय, मुख्य प्रधानाला रयत अखेरपर्यंत 'पेशवा'च म्हणत राहिली.

आता आजच्या रत्नागिरीच्या बाजारात या. काजू पाहू. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, पण इतकी वर्षे आपल्या परसात वाढला की त्याला परका म्हणणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. बोंडू आपला, गर आपला, बी फोडणाऱ्या बायकांचे हात आपले. पण तोच गर डब्यात गेला की 'डब्ल्यू 320' होतो. याचा अर्थ ठाऊक आहे? पांढरा अख्खा गर, एका पौंडात सुमारे 320 बसतील एवढ्या आकाराचा. दशमान वजनांचा कायदा या देशात 1956 साली झाला आणि पौंड आपल्या तराजूतून कधीच उतरला. पण काजूच्या डब्यावर तो ठाण मांडून बसला आहे, कारण ही प्रतवारी परदेशच्या गिऱ्हाइकासाठी झाली. घडवणाऱ्याने नाव ठेवण्याचा हक्क सोडला की विकत घेणारा नाव ठेवतो. फुटका काजू मात्र घरच्या बाजारात अजून 'पाकळी' आणि 'तुकडा' या नावांनी विकला जातो. म्हणजे अख्खा माल त्यांच्या नावाने आणि चुरा आपल्या नावाने, अशी ही वाटणी आहे.

याहून गमतीची गोष्ट कापसाची. कापसाच्या घाऊक सौद्यात आजही भाव 'कँडी'वर निघतो. ही कँडी सुमारे 356 किलोंची. नवशिका व्यापारी तो शब्द इंग्रजी समजून ऐटीत उच्चारतो. अरे बाबा, ती तुझ्या आजोबांची खंडी! घरची लेक गोऱ्या साहेबाचा झगा घालून परत आली आणि आपण तिला पाहुणी समजून पाट मांडला.

आणि मंगलोरी कौल? 1865 साली बासेल मिशनच्या युरोपियन मंडळींनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कल्पना युरोपची, पण कौल मंगळूरच्या मातीचे आणि मंगळूरच्या हातांनी भाजलेले. म्हणून ते कोकणात मंगलोरी झाले आणि इंग्रजीतही मंगलोरीच राहिले. आमच्या हापूसचे असेच. नाव आफोंसो द आल्बुकर्क या पोर्तुगीजाचे, 'कलम' हा शब्द अरबी. पण पिढ्यान्‌पिढ्या कलमे बांधली कोकणच्या बागाईतदाराने, कातळात सुरुंग लावून खड्डे केले त्याने, म्हणून हापूस हा अस्सल मराठी शब्द. 2018 साली रत्नागिरीसह कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा नावाची किंमत सरकारदरबारी मान्य झाली. दुसऱ्या मुलखाचा आंबा 'रत्नागिरी हापूस' म्हणून पेटीत भरणाऱ्याला शब्दाचे मोल आपल्या भाषापंडितांपेक्षा चांगले कळते. तो नाव चोरतो, कारण नावात पैसा आहे. आणि आम्ही? आम्ही आपल्याच रसाच्या डब्यावर 'मँगो पल्प' छापतो, आंबापोळीला 'मँगो बार' म्हणतो आणि फणसपोळीचे नाव बदलून तिला परदेशी पाठवण्याच्या योग्यतेची झाली असे समजतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपण उलटी केली आहे. हाती सोने आहे आणि नाव कथलाचे घेतो आहोत.

येथे मला कोणी इंग्रजीचा वकील ठरवील म्हणून स्पष्ट सांगतो. इंग्रजी शब्द आला म्हणून मी आनंदाने नाचत नाही. पण आलेल्या शब्दावर काठी उगारणे म्हणजे धूर पाहून धुरालाच झोडपणे आहे. 2022 साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि लहानमोठ्या साऱ्या दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या. चांगले झाले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फारच चांगले झाले. मीही पेढा खाल्ला. पण पाटीखालच्या दुकानात शिरून पाहा. फळीवरचा माल परमुलखातला, खोक्यावरचे नाव परमुलखातले, आणि वर देवनागरीत 'मोबाईल शॉपी'. अक्षरे आपली झाली, जिन्नस एकही आपला झाला नाही. अशा पाटीने भाषेचा मान राहील, भाषेचे पोट भरणार नाही.

मग करावे काय? मी दोन गोष्टी सांगतो. दोन्ही स्वस्त नाहीत.

पहिली गोष्ट अभ्यासकांना. शब्द गोळा करायचे तर ग्रंथालयातून उठा आणि कामाच्या जागी जा. मोल्सवर्थसाहेबाने 1831 साली मराठीचा कोश छापला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यात त्याने बाजारातले, शेतातले आणि सुताराच्या पडवीतले शब्द कमी प्रतीचे म्हणून टाकून दिले नाहीत; म्हणून आजही अडले की आपण त्याच्याच दारी जातो. 1915 साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला आणि बलुतेदारांचे कामकाज त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवले. आज मिरकरवाड्याच्या बंदरात शीड, डोलकाठी, परबाण या शब्दांची जागा इंजिन आणि पर्ससीनने घेतली आहे, पण रापण ओढणारा गडी अजून आहे आणि रापणीतला प्रत्येक दोर तो नावाने ओळखतो. साचा चालवलेला म्हातारा अजून एखाद्या वाडीत खाटेवर बसलेला आहे. त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. तो उठून गेला की त्याच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही अनुदानाने परत येणार नाही.

दुसरी गोष्ट घडवणाऱ्यांना, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. रत्नागिरीत आज पोरे-पोरी कोकमाचे, काजूचे, आंब्या-फणसाचे लहान कारखाने काढीत आहेत. बचतगटाच्या बाया पापड-लोणच्यांच्या पलीकडे गेल्या आहेत. तुम्ही माल घडवता आहात, तेव्हा नाव ठेवण्याचा हक्क तुमचा आहे. तो भाषा संचालनालयाचा नाही आणि दुबईच्या घाऊक व्यापाऱ्याचाही नाही. आमसूल, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, सांदण हे शब्द डब्यावर ठसठशीत छापा. परक्या गिऱ्हाइकाला समजणार नाहीत? कॅलिको तरी त्याला पहिल्या दिवशी कोठे समजले होते? कापड अंगाला मऊ लागले आणि शब्द जिभेला वळला. माल चोख असला की गिऱ्हाईक जीभ वळवते; माल हिणकस असला तर शुद्ध संस्कृत नावानेही तो फळीवरच राहतो.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही थोडे मागतो, कारण विकत घेणारे तुम्ही आहात आणि नाव ठेवण्यात विकत घेणाऱ्याचा हात केवढा मोठा असतो ते आपण काजूच्या डब्यावर पाहिले. दुकानात गेलात की 'मँगो बार' मागू नका, आंबापोळी मागा. दुकानदाराला कळले नाही तर कळेपर्यंत मागा. तेवढ्यात रत्नागिरीतला एखादा मुलगा आपल्या पहिल्या डब्यावर नुसता 'आगळ' हा शब्द छापून तो डबा मँचेस्टरच्या दुकानात नेऊन ठेवील, तर मराठीची जी सेवा होईल ती माझ्या या साऱ्या लेखाने होणारी नाही. त्या डब्याची मी वाट पाहतो आहे.